मदत हवी आहे: गांजा सुटला, धडधड सुटत नाही

नमस्कार मंडळी. वय २४, गाव देवगडकडचं. शिमग्याला मुंबईहून आलेल्या मित्रांनी गांजा घातलेली बिस्किटं आणली होती. अर्धा तास काहीच होईना, म्हणून मी दुसरंही खाल्लं. (खाल्लेला गांजा चढायला तास-दोन तास घेतो, हे मागाहून कळलं. शहाणपण!) मग जे झालं ते... छाती फुटतेय, आता मरतोय असंच वाटलं. ईसीजी नॉर्मल आला.

त्यानंतर कशालाच हात लावलेला नाही. पण तीन महिने झाले, तिन्हीसांजेला धडधड सुरू होते आणि सगळं काचेपलीकडून बघतोय असं वाटतं. रात्री समुद्राची गाजसुद्धा नको होते. आईला वाटतं बाहेरचं काहीतरी लागलंय. तिने देवाला गाऱ्हाणंही घातलं. खरं कारण तिला सांगितलेलं नाही.

१४४१६ वर, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन केला. मराठीत नीट बोलले, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा म्हणाले. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाच्या ओपीडीत कोणी गेलंय का? की कणकवली-कुडाळकडे कोणी चांगले डॉक्टर आहेत? आणि असं कोणाला झालं असेल, तर ते काचेपलीकडचं वाटणं किती दिवसांनी गेलं? घरी कसं सांगितलंत?

इथे लिहायचं नसेल तर मेसेज करा.