नव्या डिझेलचा डीपीएफ दिवा: दोष गाडीचा की आपल्या वापराचा?

घाटवाट (धागाकर्ता)
१ एप्रिल २०२० ला बीएस ६, म्हणजे धुराचे कडक निकष, लागू झालं, तेव्हापासून नव्या डिझेल गाड्यांची एक तक्रार ठरलेली: डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागला. सर्व्हिस सेंटरचं उत्तरही ठरलेलं: "साहेब, तुमचं रनिंग कमी आहे." अठरा लाखांची गाडी रोज कोथरूड ते डेक्कन चालवली म्हणून तुंबत असेल, तर तो गिऱ्हाइकाचा दोष कसा? बुकिंगच्या टेबलावर एक्स्टेंडेड वॉरंटी, कोटिंग, सीट कव्हर सगळं गळ्यात मारतात. "रोज किती किलोमीटर, त्यात हायवे किती?" एवढं मात्र कोणी विचारत नाही. पहिल्या पाच हजार किलोमीटरांत दिवा तीनदा लागला, तर मी त्याला उत्पादनदोषच म्हणेन.

सहावा गिअर
सहमत नाही. डीपीएफ ही एक्झॉस्टच्या वाटेतली सच्छिद्र सिरॅमिकची गाळणी. काजळी अडवणं हेच तिचं काम, म्हणजे ती भरणारच. ती काजळी जाळायला ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं, त्यासाठी इंजिन थोडं डिझेल मुद्दाम उशिरा फवारतं. पाच किलोमीटरच्या फेरीत हे सुरू होतंय न होतंय तोच तुम्ही पार्किंगमध्ये इंजिन बंद करता. मॅन्युअलमध्ये हे छापलेलं असतं, पण वाचतो कोण!

दिवा पिवळा आहे तोवर उपाय फुकट आहे. टाकीत पाव तरी डिझेल हवं. इंधनाचा दिवा लागलेला असेल तर बऱ्याच गाड्या जाळणी सुरूच करत नाहीत. किवळ्याला एक्सप्रेसवे धरा, इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, मग २००० च्या वर आरपीएम राहील अशा गिअरात ८० च्या वेगाने वीस मिनिटं. एरवीही आयडल नेहमीपेक्षा चढलेलं, रेडिएटरचा पंखा जोरात, अॅव्हरेज अचानक पडलेलं दिसलं, की समजा आत जाळणी चालू आहे. तेव्हा गाडी बंद करू नका, एक चक्कर जास्तीची मारा.

बारा-तेराचा पाना
दोघंही गाळणीवरच अडलात. डीपीएफ पुष्कळदा नुसता मार खातो, चोर दुसराच असतो. थर्मोस्टॅट (कूलंटची झडप) उघडा अडकला तर कूलंट ७० च्या वर जात नाही आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जाळणीला परवानगीच देत नाही. इंजेक्टर गळका, ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) अडकलेला किंवा टर्बोचा होज फाटलेला असेल तर काजळीच दुप्पट येते. गाळणीच्या आधीचा-नंतरचा दाब मोजणाऱ्या प्रेशर सेन्सरच्या दोन बारीक नळ्यांपैकी एक चिरली, तर गाळणी मोकळी असूनही दिवा लागू शकतो. म्हणून फोर्स्ड रिजनरेशनला, म्हणजे वर्कशॉपमध्ये मुद्दाम करवलेल्या जाळणीला, हो म्हणण्याआधी स्कॅनरवर चार आकडे मागा: काजळीचं प्रमाण, आयडलला आणि २५०० आरपीएमला दाबातला फरक, मागच्या जाळणीपासूनचं अंतर, कूलंटचं तापमान. हायवेवर पळणारी गाडी दर शंभर किलोमीटरला जाळणी करत असेल, तर तिथे "रनिंग कमी" चालणार नाही.

आणि डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, बघा हो! अर्धवट सुटलेल्या जाळणीतलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. पातळी वाढते, लोक खूश: "नवी गाडी, थेंबभर ऑइल पीत नाही." सपाट जागा, इंजिन बंद करून दहा मिनिटं, पट्टी पुसून पुन्हा बुडवा. मॅक्सच्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर गाडी न पळवता ऑइल बदला. पातळ ऑइलवर टर्बो आणि बेअरिंग झिजतात. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच, बहुधा एसीईए सी३ किंवा सी२ (कमी राखेचं ऑइल). साध्या ऑइलची राख गाळणीत बसते आणि राख जळत नाही.

रिकामा डबा
एवढा उपद्व्याप कशाला? बाहेर डीपीएफ कापून, इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून (रीमॅप) मिळतो.

सहावा गिअर
आणि वॉरंटी गेली. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली तो बेकायदा बदल आहे. असले सल्ले इथे नकोत.

घाटवाट
पानासाहेब, माझं म्हणणं तेच तर आहे. हे चार आकडे न बघता फोर्स्ड रिजनरेशन करून गाडी घरी पाठवतात. दोष शोधायचा कोणी?

तारीख पे तारीख
मग कागद नीट करा. आपल्याकडे नव्या सदोष गाडीसाठी वेगळा कायदा नाही, भिस्त २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यावर. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे, १० ते २० लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये. पण उत्पादनदोष तुम्हालाच सिद्ध करावा लागतो, तोही बहुधा तज्ज्ञाच्या अहवालाने. जॉब कार्डवर "डीपीएफ दिवा, ३,२०० किमी, तिसऱ्यांदा" असं तुमच्या शब्दांत लिहून घ्या, फॉल्ट कोडची प्रिंट मागा. "ग्राहकास वापराबद्दल समजावले" या ओळीखाली न वाचता सही केलीत, तर तीच पुढे तुमच्यावर येते. आणि गाडी बदलून मिळेल ही आशा फार धरू नका. सदोष भाग बदलून देण्यावरच बरीच प्रकरणं मिटतात.

सहावा गिअर
किंवा रोज दहा किलोमीटरच असेल तर पेट्रोल घ्या.

घाटवाट
हेच वाक्य बुकिंगच्या टेबलावर म्हणणारा एक सेल्समन दाखवा, धागा बंद करतो.