आजीच्या खोलीचा पडदा

आई: आज सकाळी आईंचा वॉकर पडद्यात अडकला. पडल्या नाहीत, मी मागेच होते. वॉकरच्या पायाचं रबर पडद्याच्या खालच्या दुमडीवर बसलं आणि त्यांनी वॉकर उचलला तशी वरची स्प्रिंग ताणली गेली. पडदा मी तेव्हाच काढून टाकला.

दादा: बरं केलंस. आता दार नुसतं लोटून ठेवा ना.

आई: लोटलं की रात्री त्यांची हाक ऐकू येत नाही. उघडं ठेवलं तर हॉलमधून थेट पलंग दिसतो. कपडे बदलायचे असतात, पायांना तेल लावायचं असतं. आल्यागेल्यासमोर कशा बसतील त्या?

काका: चुंबकाची जाळी मिळते, मधून उघडते आणि आपोआप मिटते.

आत्या: ती डासांसाठी ठीक रे, पण आरपार दिसतं. पडदाच हवा, फक्त जमिनीपासून ६ इंच वर. पेटीत आईची जुनी सुती लुगडी आहेत ना? त्यातलं एक घ्या. नऊवार म्हणजे २७ फूट, सहज तीन पडदे निघतील. धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड, वाराही अडणार नाही.

वहिनी: मी शिवते. दार ७ फूट, म्हणजे ८४ इंच. खाली ६ सोडले की ७८ उरतात. नेफ्याला ४ आणि दुमडीला ३ धरून ८५ इंच कापायचं. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, साधारण ४५ आणि दार ३६, त्यामुळे फार चुण्या पडणार नाहीत. मग तुकडा मधोमध उभा कापून दोन्ही भागांची अदलाबदल करायची. दोन्ही काठ दाराच्या मध्यावर येतात, काठाच्या वजनाने कापड सरळ पडतं आणि वॉकर मधून नीट जातो.

काका: हे छान आहे!

दादा: स्प्रिंग मात्र नको, ती मधे लोंबते आणि पडदा परत जमिनीला टेकतो. रविवारी येऊन पाइप बसवतो. दिवसा बांधून ठेवायला दोन्हीकडे हूकही लावतो.

आई: आईंना सगळं वाचून दाखवलं. म्हणाल्या, पडद्यावर टकटक करता येत नाही, तर आत येण्याआधी चौकट वाजवायची. पोरांनीसुद्धा.

आत्या: बरोबर आहे तिचं. खोली तिची आहे.

आई: आणि हिरव्या लुगड्याला हात लावायचा नाही, जांभळं चालेल. दोन्ही भाग वर-खाली झाले तर उसवून परत शिवायला लावीन म्हणतायत.

वहिनी: दोरा जांभळाच आणते.