पाच रुपयांचा रेझिस्टर असताना कन्व्हर्टर कशाला?

अंबडचा पॅनलवाला
पिंपळगावच्या एका कोल्ड स्टोरेजचं पॅनल मी दिवाळीनंतर करून दिलं. अमोनियाच्या डिस्चार्ज लाइनवर (कंप्रेसरमधून बाहेर पडणारा पाइप) ० ते १६ बारचा दोन वायरचा ट्रान्समीटर, म्हणजे प्रेशर मोजून त्याप्रमाणे ४-२० मिलीॲम्प करंट देणारा सेन्सर. पीएलसीवर (पॅनलमधला छोटा कंट्रोल कॉम्प्युटर) अंगभूत ॲनालॉग इनपुट दोनच, आणि दोन्ही ०-१० व्होल्टचे. पार्टीचं बजेट आधीच ताणलेलं. मी इनपुटवर ५०० ओहमचा रेझिस्टर टाकला. ४ मिलीॲम्पला २ व्होल्ट, २० ला १०, बाकी व्होल्टचे बार करायचं स्केलिंग प्रोग्रॅममध्ये. परवा पार्टीने आणखी कुणाला तरी पॅनल दाखवलं, तर तो म्हणे "हे जुगाड आहे, सिग्नल कन्व्हर्टर (करंटचे व्होल्ट करून देणारा तयार डबा) लावून घ्या."
ओहमचा नियम जुगाड कधीपासून झाला? करंट इनपुटचं कार्ड घेतलं तरी आत रेझिस्टरच असतो ना?

सिन्नर नाइट शिफ्ट
असतो. पण कार्डावर 'करंट' असं छापलेलं असतं. तुमचा कुठंय? टर्मिनलच्या मागे, काळ्या स्लीव्हमध्ये, आणि ड्रॉइंगमध्ये बहुतेक नाहीच.
आमच्याकडे रात्री दोनला असाच एक ट्रान्समीटर गेला. पीएलसीचं मॅन्युअल पाहिलं, इनपुट ०-१० व्होल्ट. स्टोअरमधून ०-१० व्होल्टवाला काढला, एक वायर जास्तीची ओढली, लावला. रीडिंग निम्म्यावर पण जाईना. ट्रान्समीटर खराब म्हणून दुसरा लावला, तेच. पहाटे डक्टचं झाकण काढलं तेव्हा ५०० ओहमचे महाराज दिसले. व्होल्टेज आउटपुटला काही हजार ओहमचा लोड चालतो, ५०० वर १० व्होल्ट द्यायचे तर २० मिलीॲम्प लागतात, ते बिचारं आणणार कुठून? शिव्या मी खाल्ल्या, पॅनलवाला घरी झोपलेला.

अंबडचा पॅनलवाला
हा ड्रॉइंगचा दोष झाला भाऊ, रेझिस्टरचा नाही. कन्व्हर्टर लावून ड्रॉइंग दिलं नसतं तरी रात्रीचे दोन वाजलेच असते.

सिन्नर नाइट शिफ्ट
कन्व्हर्टर डोळ्याला दिसतो. त्यावर इनपुट-आउटपुट लिहिलेलं असतं. फरक एवढाच, पण रात्री तोच लागतो.

सातपूरचे सर
मी आयटीआयमध्ये शिकवतो, त्यामुळे आधी किरकोळ. ५०० ओहममध्ये २० मिलीॲम्पला ०.२ वॅट जिरतात. पाव वॅटचा टाकला असेल तर तो सदा गरमच, अर्धा वॅट हवा, तोही १ टक्क्याचा मेटल फिल्म. ट्रान्समीटर शॉर्ट झाला तर पूर्ण २४ व्होल्ट त्याच्यावर येतात, म्हणजे एक वॅटच्या वर, आणि तेच २४ व्होल्ट तुमच्या १० व्होल्टच्या इनपुटवरही. फ्यूज टर्मिनल लावलंय का?
आता मुख्य प्रश्न. त्या लूपमध्ये, म्हणजे ट्रान्समीटरचा करंट ज्या वाटेने फिरतो तिथे, अजून काय काय आहे?

अंबडचा पॅनलवाला
फ्यूज आहे. लूपमध्ये एक डिजिटल इंडिकेटर आहे, मालकांना मशीन रूमच्या दाराबाहेर प्रेशर दिसायला हवं होतं. त्याचा इनपुट २५० ओहम.

सातपूरचे सर
मग बेरीज ७५० झाली. ट्रान्समीटरला चालायला कमीत कमी किती व्होल्ट लागतात ते डेटाशीटमध्ये बघा. १२ असतील तर २४ मधले उरले १२. १२ भागिले ७५०, १६ मिलीॲम्प. त्याच्या वर तो लूप जाऊच शकत नाही. १६ मिलीॲम्प म्हणजे तुमच्या रेंजचे १२ बार.
थंडीत कुणाला कळणार नाही, कंडेन्सर प्रेशर तेवढं चढतच नाही. एप्रिलमध्ये पाइपवरच्या गेजचा काटा वर जाईल आणि स्क्रीन १२ वर बसून राहील. बेदाणा आत असताना.

निफाडचा शिकाऊ
मध्येच विचारतो, माझ्याकडे १२ व्होल्टवर चालवलेली पीएनपी प्रॉक्सी (जवळ वस्तू आली की ऑनचा व्होल्टेज देणारा सेन्सर) २४ व्होल्टच्या पीएलसीला चालतेय. मग जुळवाजुळव करायचीच कशाला?

सातपूरचे सर
'चालतेय' आणि 'चालेल' यात फरक आहे. आयईसी ६११३१-२ या पीएलसीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे टाइप ३ चा ऑन-ऑफ इनपुट ११ व्होल्टच्या वर ऑन धरतो, ५ च्या खाली ऑफ. टाइप १ ला तर १५ लागतात. तुमच्या १२ मधून प्रॉक्सीत दीडेक व्होल्ट पडले की साडेदहा उरतात, तिथे काहीच गॅरंटी नाही. बहुतेक प्रॉक्सी १० ते ३० व्होल्टवर चालतात, तिला सरळ २४ द्या.

अंबडचा पॅनलवाला
आज दुपारी जाऊन आलो. डेटाशीटवर १२ व्होल्टच आहे. गेज साडेतेरा दाखवत होता, स्क्रीन १२. मीटर लावला तर रेझिस्टरवर ८.०२ व्होल्ट, हलतच नव्हते. हाय प्रेशरचा अलार्म मी साडेचौदाला सेट केलेला, तो जन्मात वाजला नसता. प्रेशर फार वाढलं की कंप्रेसर बंद करणारा मेकॅनिकल कटआउट वेगळा आहे म्हणून वाचलो. गाडीत बसून पाच मिनिटं नुसता घाम पुसत होतो.

सिन्नर नाइट शिफ्ट
कन्व्हर्टर असता तर हे झालंच नसतं. त्याचा इनपुट शंभरेक ओहमचा असतो, इंडिकेटर धरून साडेतीनशे. सात व्होल्टमध्ये काम.

अंबडचा पॅनलवाला
मान्य. तरीही कन्व्हर्टर नाही घेतला. ५०० काढून २५० टाकला, १ ते ५ व्होल्ट. एकूण ५००, म्हणजे २० मिलीॲम्पला १० व्होल्ट पडतात आणि ट्रान्समीटरला १४ उरतात. स्केलिंग बदललं, स्क्रीन आता गेजबरोबर चढते.

सिन्नर नाइट शिफ्ट
आणि रिझोल्यूशन? १० बिटच्या, म्हणजे १०२४ पायऱ्यांच्या इनपुटची निम्मी रेंज वाया घालवलीत.

अंबडचा पॅनलवाला
४१० च्या आसपास पायऱ्या उरतात, एक पायरी ०.०४ बारची. कंप्रेसरला याहून बारीक कशाला हवं? ड्रॉइंगमध्ये रेझिस्टर लाल पेनाने दाखवलाय, टर्मिनलवर पिवळं लेबल, दाराच्या आत एक कॉपी चिकटवली. तुमच्यासाठीच. फक्त २५० चा नग एमजी रोडवर मिळाला नाही, म्हणून १ के चे चार समांतर जोडले.

सिन्नर नाइट शिफ्ट
चार! आणि त्यातला एक सुटला म्हणजे?

अंबडचा पॅनलवाला
३३३ ओहम होतील. प्रेशर आहे त्यापेक्षा जास्त दिसेल आणि अलार्म वेळेआधी वाजेल. झोपमोड होईल नाइट शिफ्टची.