ऋण सोडणं: तुमच्या घरचे अनुभव लिहा

खानापूरकर: काल माळा आवरताना पप्पांची उधारीची वही सापडली. आमचं किराणा दुकान होतं. गुड फ्रायडेला बारा ते तीन चर्चमध्ये येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना करून आले की पप्पा वही उघडायचे. ज्यांना देणं जमणारच नाही, त्यांच्या नावावर रेघ. त्यांना सांगायचेही नाहीत. आई चिडायची, पोरांची फी कोण भरणार? पप्पांचं एकच, "'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' असं प्रभूच्या प्रार्थनेत रोज म्हणतो. न सोडता म्हणू कसं?" रेघा बघून रडूच आलं. तुमच्याकडचं लिहा.

कॅम्पातली: आम्ही कॅथलिक, आमच्यात त्या प्रार्थनेत ऋणाच्या जागी अपराधांची क्षमा म्हणतात. जावेशी 3 वर्षं बोलणं नव्हतं. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, शेजारच्याला शांती द्यायच्या वेळी नेमकी तीच शेजारी. हात जोडले. बोलले नाही खरं, दुसऱ्या दिवशी तिनं फणसाची भाजी पाठवली.

आजीचा_नातू: खानापूरकर, तुम्ही मेथडिस्ट पंथाचे काय? आजी तुमच्या मंडळीला शेवटपर्यंत 'लंडन मिशनवाले'च म्हणायची. 1820 ला लंडन मिशनचे मिशनरी बेळगावात आले, मेथडिस्टांकडे त्यांचं काम गेलं 1904 ला.

खानापूरकर: होय की! आमची आजीपण तेच म्हणायची.

उद्यमबाग: मापाची चूक माझी, नाव घेतलं हेल्परचं. रात्रभर झोप नाही. सकाळी साहेबांना सांगितलं, दोन दिवसांचा पगार कापला. हेल्परची माफी मागायला त्याहून जास्त धीर लागला.

रात्रपाळी: नर्स आहे. हात धुताना एकेका पेशंटचं नाव मनात घेते. विचारल्याशिवाय कुणाच्या उशाशी मोठ्यानं प्रार्थना करत नाही, आधीच घाबरलेली असतात माणसं. बेल वाजली, नंतर लिहिते.

माळकरी_शहापूर: आम्ही वारकरी, लिहिलं तर चालेल ना? ख्रिसमसला शेजारच्या काकू आमच्यासाठी बिनअंड्याचा केक वेगळ्या भांड्यात करायच्या. ते भांडं वर्षभर दुसऱ्या कशाला वापरायच्या नाहीत, हे त्या गेल्यावर त्यांच्या सुनेनं सांगितलं.

कॅम्पातली: किती जपलं हो त्यांनी. बिनअंड्याचा माझा बसतो, काय घालायच्या त्या?

माळकरी_शहापूर: दही. सोडा अगदी शेवटी. सुनेला विचारून सांगतो.

आजीचा_नातू: वहीचं काय करणार दादा?

खानापूरकर: आईनं मागून घेतली. बायबलजवळ ठेवलीय, कुणाला हात लावू देत नाही.