उत्तम निकालानंतरही तंत्रज्ञान कंपनीचा शेअर का घसरतो?

प्रश्न

एप्रिल २०२४ मध्ये फेसबुकची मूळ कंपनी मेटाने पहिल्या तिमाहीचे निकाल जाहीर केले, तेव्हा महसूल २७ टक्क्यांनी वाढून सुमारे ३६.५ अब्ज डॉलरवर गेला होता आणि निव्वळ नफा दुपटीहून अधिक वाढून १२.४ अब्ज डॉलरच्या घरात पोहोचला होता. तरीही दुसऱ्या दिवशी शेअर १० टक्क्यांहून अधिक आपटला. यामागे काही तर्क आहे, की ही निव्वळ सट्टेबाजी समजावी?

उत्तर १

आपण दिलेले सर्व आकडे सरलेल्या तिमाहीचे आहेत. भाव मात्र पुढील अनेक वर्षांच्या नफ्याच्या अंदाजावर ठरतो. त्याच निकालांबरोबर मेटाने सांगितले की, कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या यंत्रणेची उभारणी वेगाने करायची असल्याने त्या वर्षीचा भांडवली खर्च ३० ते ३७ अब्ज डॉलरऐवजी ३५ ते ४० अब्ज डॉलर होईल. दुसऱ्या तिमाहीच्या महसुलाचा अंदाज ३६.५ ते ३९ अब्ज डॉलर असा दिला गेला. त्याचा मध्य ३७.७५ अब्ज येतो, आणि विश्लेषकांनी त्याहून अधिक धरले होते. थोडक्यात, खर्च आजच होणार होता आणि त्यातून उत्पन्न केव्हा व किती येईल, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. शिवाय आदल्या वर्षभरात शेअर दुपटीहून अधिक वाढलेला असल्यामुळे चांगले निकाल भावात आधीच धरले गेले होते. नफावसुलीला, म्हणजे वाढलेल्या भावाला शेअर विकून नफा पदरात पाडून घ्यायला, निमित्त हवेच होते, ते मिळाले.

उत्तर २

वरील विवेचन योग्यच आहे, पण त्यावरून हा दोन-चार दिवसांचा खेळ असतो असा समज होऊ नये. मायक्रोसॉफ्टचा महसूल २००० च्या आर्थिक वर्षात सुमारे २३ अब्ज डॉलर होता आणि २०१५ मध्ये तो सुमारे ९४ अब्जांवर, म्हणजे चौपट झाला होता. तरीही डिसेंबर १९९९ मधील उच्चांक ओलांडायला शेअरला ऑक्टोबर २०१६ उजाडावा लागला. (मधल्या काळात लाभांश मिळाला, हे खरे.) कंपनी बुडाली नव्हती की मागेही पडली नव्हती. १९९९ च्या अखेरीस लोक तिच्या वार्षिक नफ्याच्या ६० पटींहून अधिक भाव मोजत होते, आणि पुढील दीड दशकाची वाढ त्या भावातच खर्ची पडली.

प्रश्नकर्ता

खुलाशाबद्दल आभार. मग २०२२ मध्ये बहुतेक तंत्रज्ञान कंपन्यांचे शेअर एकाच वेळी का गडगडले? सर्वांच्याच अपेक्षा एकदम चुकल्या, असे तर नसेल.

उत्तर ३

त्या वर्षीचे मोठे कारण व्याजदर. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडरल रिझर्व्हने, वर्षभरात धोरणात्मक व्याजदर शून्याजवळून ४.२५ ते ४.५ टक्क्यांवर नेला आणि तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला नॅसडॅक कंपोझिट हा शेअर निर्देशांक सुमारे एक-तृतीयांशाने घसरला. व्याजदर वाढला की भविष्यात मिळणाऱ्या पैशाचे आजचे मूल्य घटते. दहा वर्षांनी मिळणाऱ्या १०० डॉलरचे आजचे मूल्य २ टक्के दराने ८२ डॉलर येते, तर ५ टक्के दराने ते केवळ ६१ डॉलर उरते. ज्या कंपनीचा बहुतांश नफा दूरच्या भविष्यात अपेक्षित असतो, तिला या गणिताचा फटका सर्वाधिक बसतो, मग तिच्या ग्राहकांमध्ये, उत्पादनांमध्ये वा व्यवस्थापनामध्ये तसूभरही फरक पडलेला नसला तरी.