लाइम रोगाची रक्तचाचणी: ‘निगेटिव्ह’ या शब्दावर किती भरवसा ठेवावा?

पायवाट

न्यू जर्सीच्या वायव्येला डेलावेअर नदीकाठच्या डोंगरांत आम्ही दर उन्हाळ्यात भटकायला जातो. तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये अशाच एका भटकंतीनंतर माझ्या नवऱ्याच्या गुडघ्यामागे डाग उठला. लाइम या गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या जंतुसंसर्गाच्या चित्रांत दाखवतात तसा लालभडक, मध्ये फिकट वर्तुळ असलेला तो नव्हता. सावळ्या कातडीवर तो जांभळट, मुका मार लागल्यासारखा दिसत होता. गोचीड चिकटल्याचे आठवत नव्हते, आणि त्यात नवल नाही, कारण या गोचिडीचे पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढे असते. पाचव्या दिवशी रक्त तपासले, अहवाल ‘निगेटिव्ह’ आला आणि कोळी चावला असावा असे सांगून डॉक्टरांनी मलम देऊन घरी पाठवले. ऑगस्टमधल्या एका सकाळी चहाचा घोट त्याच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून शर्टवर ओघळला आणि उजवा डोळा मिटेनासा झाला. चेहऱ्याच्या नसेवर रोगाचा परिणाम झाला होता. या वेळची चाचणी पॉझिटिव्ह आली, आणि डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक घेतल्यावर काही आठवड्यांत तो बरा झाला.

माझे म्हणणे असे की, डाग उठलेल्या पहिल्या दिवसांत जी चाचणी निम्म्याहून अधिक रुग्णांना हुकवते, तिला विश्वासार्ह म्हणणे रुग्णाची दिशाभूल करणारे आहे. सीडीसी या अमेरिकी सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेच्या अंदाजानुसार अमेरिकेत दरवर्षी सुमारे ४,७६,००० लोकांचे लाइमसाठी निदान आणि उपचार होतात. एवढ्या लोकांच्या आजाराचा निकाल ज्या कागदावर लागतो, त्यावर या मर्यादेचा स्पष्ट उल्लेख का नसावा?

सूक्ष्मदर्शी

आपल्या घरातला त्रास वाचून वाईट वाटले, तरीही निष्कर्षाशी मी असहमत आहे. मी कनेक्टिकटमधील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करतो. ही चाचणी जंतू शोधत नाही. ‘बोरेलिया बर्गडोर्फेरी’ या जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे ती शोधते, आणि ती मोजता येण्याजोगी व्हायला दोन ते सहा आठवडे लागतात. पाचव्या दिवशीच्या रक्तात प्रतिपिंडे नव्हती आणि चाचणीने ती नाहीत असेच सांगितले. उत्तर बरोबर होते, प्रश्न चुकीच्या वेळी विचारला गेला. अमेरिकेतील संसर्गरोग, मज्जासंस्था आणि संधिवात या तिन्ही शाखांच्या तज्ज्ञांच्या संस्थांनी २०२० मध्ये मिळून दिलेल्या मार्गदर्शनातही हेच आहे: गोचिडीच्या प्रदेशात राहिलेल्या माणसाच्या अंगावर ठरावीक प्रकारचा पसरणारा डाग दिसला, तर रक्त न तपासता औषध सुरू करावे. म्हणजे आपल्या प्रकरणात चूक झाली ती चाचणी मागवण्यात आणि तिचा अर्थ लावण्यात.

१९९४ मध्ये मिशिगनमधील डिअरबॉर्न येथे झालेल्या परिषदेत दोन पायऱ्यांची पद्धत ठरली. आधी एलायझा ही प्रतिपिंडांची प्राथमिक चाचणी, ती पॉझिटिव्ह किंवा संदिग्ध आली तरच वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे जंतूच्या वेगवेगळ्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे पट्टीवर रेघांनी दाखवणारी चाचणी. ब्लॉटची अरुंद पट्टी हातात धरून तिच्यावरच्या रेघा नमुना पट्टीशी जुळवण्यात माझी कित्येक वर्षे गेली आहेत. ४१ किलोडाल्टनची (किलोडाल्टन हे प्रथिनाच्या वजनाचे एकक) रेघ लाइम कधीही न झालेल्या माणसांतही वारंवार दिसते, कारण ती जंतूच्या शेपटीतल्या प्रथिनाची असते आणि तशी प्रथिने इतर कितीतरी जंतूंत असतात. म्हणूनच आयजीजी या उशिरा तयार होऊन टिकणाऱ्या प्रतिपिंडांसाठी दहापैकी किमान पाच रेघा मागितल्या जातात. ही अट सैल केली, तर निरोगी माणसे रुग्ण ठरतील. आजार सांध्यापर्यंत पोहोचलेल्या रुग्णांत मात्र हीच पद्धत जवळजवळ कोणालाही सोडत नाही.

वळीव

मी पेनसिल्व्हेनियात राहते आणि गेली चार वर्षे थकवा, फिरती सांधेदुखी आणि विसराळूपणा यांनी बेजार आहे. तीन वेळा दोन पायऱ्यांची चाचणी झाली, तिन्ही वेळा निगेटिव्ह. आयजीजीच्या रेघा चार आल्या. चार रेघा म्हणजे निरोगी आणि पाच म्हणजे आजारी, ही सीमा निसर्गाने आखलेली नाही, माणसांनी आखली आहे. शिवाय ३१ आणि ३४ किलोडाल्टनच्या रेघा, ज्या या जंतूच्या खास ओळखीच्या आहेत, त्या दहाच्या यादीतच नाहीत. शेवटी मी एका खासगी प्रयोगशाळेकडे रक्त पाठवले, त्यांनी आपल्या निकषांनी पॉझिटिव्ह अहवाल दिला, आणि चार वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या आजाराला नाव दिले. सूक्ष्मदर्शी यांना रेघा दिसतात. त्या रेघांमुळे ज्यांना ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ असे ऐकावे लागते, ती माणसे त्यांच्या टेबलापर्यंत पोहोचत नाहीत.

सूक्ष्मदर्शी

आपला त्रास खरा आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तो लाइमचाच आहे का, एवढाच माझा प्रश्न आहे.

३१ आणि ३४ च्या रेघा साधारणपणे आजार जुना झाल्यावर उमटतात, आणि तोवर यादीतल्या पाचांहून अधिक रेघा आलेल्या असतात; त्यामुळे त्यांना वगळल्याने जुने रुग्ण सुटत नाहीत. एखादी सीमा माणसांनी आखली म्हणून ती मनमानी ठरत नाही, कारण ही सीमा निश्चित रोगी आणि निश्चित निरोगी अशा दोन्ही प्रकारच्या लोकांच्या रक्ताची तुलना करून ठरली आहे. खासगी निकषांबाबत मला विचारायचे आहे ते हेच: ते किती निरोगी माणसांच्या रक्तावर तपासून पाहिले होते? २००५ मध्ये सीडीसीने अशा न पारखलेल्या चाचण्यांविरुद्ध सावधगिरीचा इशारा दिला होता.

आपल्याकडची विडाल चाचणी आठवावी. ताप आला की विडाल, थोडा टायटर (प्रतिपिंडांचे प्रमाण) दिसला की टायफॉइड, हे आपण घरोघरी पाहिले आहे. तीच गफलत इथे होते. समजा, केवळ थकवा असलेल्या १,००० लोकांपैकी १० जणांना खरोखर लाइम आहे, आणि चाचणी ९० टक्के रोग्यांना पकडते व ९८ टक्के निरोग्यांना बरोबर सोडते. मग खरे पॉझिटिव्ह ९ आणि खोटे सुमारे २०. हीच चाचणी कनेक्टिकटमध्ये गुडघा सुजलेल्या अशा १,००० लोकांवर केली, ज्यांतल्या ५०० जणांना लाइम आहे, तर खरे पॉझिटिव्ह ४५० आणि खोटे फक्त १०. चाचणी तीच आहे. ती कोणावर केली यावर तिच्या निकालाचे मोल ठरते.

खोट्या पॉझिटिव्हची किंमतही जबर असते. महिनोन्‌महिने शिरेतून प्रतिजैविके दिल्यामुळे रुग्णांना रक्तात जंतुसंसर्ग झाल्याच्या, काहींचा मृत्यू ओढवल्याच्या नोंदी सीडीसीने २०१७ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. नेदरलँड्समध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बारा आठवडे वाढीव प्रतिजैविके घेणाऱ्यांना, न घेणाऱ्यांपेक्षा अधिक फायदा झाल्याचे दिसले नाही. आणि लाइमच्या नावाखाली थायरॉइड, ल्युपस किंवा झोपेतला श्वासरोध तपासायचा राहून जातो, ती वेगळीच हानी.

वळीव

थायरॉइड तपासले आहे, ल्युपसही. शिरेतून औषध मी घेतलेले नाही आणि आता घेणारही नाही. ती नोंद मला कोणी दाखवली नव्हती. परंतु ‘लाइम नाही’ हे सांगून झाल्यावर ‘मग काय आहे’ हे शोधण्याची जबाबदारी कोणीच घेत नाही, तेव्हा माणूस त्याला नाव देणाऱ्याच्या दारात जाणारच.

कातळवाडी

मी सिंधुदुर्गात वैद्यकीय व्यवसाय करतो. आमच्याकडेही गोचिडीमुळे होणारा आजार आहे, दोडामार्ग परिसरातला माकडताप. त्यात पहिल्या काही दिवसांत विषाणू रक्तात भरपूर असतो, त्यामुळे पीसीआर या जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीने तो थेट सापडतो. प्रतिपिंडांची वाट पाहावी लागत नाही. लाइममध्ये तसे का करत नाहीत, हा प्रश्न वाचकांना पडेल. बोरेलिया रक्तात फार थोडा आणि थोडाच काळ असतो, तो कातडी, सांधे, नसा यांकडे निघून जातो. म्हणून रक्ताची पीसीआर बहुतेकदा रिकामी येते, मात्र सुजलेल्या गुडघ्यातल्या पाण्याची पीसीआर उपयोगी पडते. प्रयोगशाळेत हा जंतू वाढवायला खास माध्यम आणि आठवडे लागतात. चाचणीतली उणीव बरीचशी या जंतूच्या स्वभावातून आली आहे.

पायवाट

सूक्ष्मदर्शी यांचा अर्धा मुद्दा मला मान्य आहे. सांधे सुजलेल्या रुग्णासाठी चाचणी चांगली आहे, आणि पाचव्या दिवशी ती मागवायलाच नको होती. उरलेला अर्धा मुद्दा मान्य नाही. चाचणी आणि तिचा वापर यांची अशी फारकत प्रयोगशाळेच्या टेबलावर करता येते. दवाखान्यात बसलेल्या माणसापुढे दोन्ही एकाच कागदावरून येतात. त्या कागदावर ‘निगेटिव्ह’ एवढेच होते. ‘लागण ताजी असल्यास प्रतिपिंडे नसू शकतात, दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यावे’ हे एक वाक्य छापलेले असते, तर ऑगस्टमध्ये त्याचा डोळा मिटेनासा होण्याआधी आम्ही पुन्हा गेलो असतो. ही मागणी अवाजवी नाही. व्हर्जिनिया राज्याने २०१३ मध्ये असा मजकूर रुग्णाला लेखी देण्याचा कायदाच केला होता. पद्धतही दगडावरची रेघ नाही. २०१९ मध्ये एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने ब्लॉटच्या जागी दुसरी एलायझा वापरण्यास परवानगी दिली, आणि ही पद्धत सुरुवातीच्या काळातले काही अधिक रुग्ण पकडते.

‘पॉझिटिव्ह’ शब्दाचेही तेच आहे. मागच्या वर्षी अंगदुखीसाठी नवऱ्याची चाचणी केली तर ती अजून पॉझिटिव्ह होती, आणि आम्ही हादरलो. प्रतिपिंडे बरे झाल्यावरही अनेक वर्षे राहतात, या चाचणीवरून जुनी लागण आणि नवी लागण वेगळी ओळखता येत नाही, हे त्यानंतर दुसऱ्या डॉक्टरांनी समजावले.

या जूनमध्ये त्याच्या कमरेवर पुन्हा एक जांभळट डाग उठला. मी त्याच संध्याकाळी बॉलपेनने त्याची कडा आखली, शेजारी मोजपट्टी धरून तारखेसह फोटो काढला. दोन दिवसांनी डाग रेघेच्या बाहेर दोन बोटे सरकला होता. डॉक्टरांनी ती शाईची रेघ पाहिली, फोटो पाहिले आणि रक्त न घेता दहा दिवसांचे डॉक्सिसायक्लिन लिहून दिले.

सूक्ष्मदर्शी

ते वाक्य आमच्या अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले असते. मुख्य निकालाच्या ओळीतच ते यावे, असा लेखी प्रस्ताव मी या आठवड्यात आमच्या विभागप्रमुखांकडे देतो. मजकूर मराठीत आधी इथे मांडतो. सामान्य वाचकाला तो एका वाचनात कळतो का, हे आपण आणि वळीव यांनी सांगावे.