मुलगा समलिंगी म्हणून फी बंद: आईबापांची जबाबदारी कुठं संपते?

मृण्मयी_सांगली
कालपासून एक पोस्ट फिरतेय. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलानं घरी सांगितलं की तो गे आहे. वडिलांनी फी थांबवली आणि घराचं दार बंद केलं. पोस्ट लिहिणारा म्हणतो, 'पैसा बापाचा, घर बापाचं, अठरानंतर कायद्यानंही तो काही देणं लागत नाही.' वाचून डोकं फिरलं.

कायद्याचं म्हणाल तर ते दुर्दैवानं खरं आहे. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम 20 प्रमाणे मुलाला निर्वाह मागता येतो तो सज्ञान होईपर्यंतच. अविवाहित मुलीला स्वतःचं भागवता येत नसेल तर पुढंही हक्क आहे. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो मान्य केला. पण कोर्ट विचारत नाही म्हणून बापानं पोराला मधल्या वर्षात उघड्यावर टाकावं? सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या निकालापासून जो गुन्हा नाही, त्याची शिक्षा घरात का?

दत्ताकाका_कराड
मला ती पोस्ट पटली. सोसायटीचं कर्ज काढून, ऊसबिलाची वाट बघत फी भरणाऱ्या बापाला विचारा. भावकीत तोंड त्यानं दाखवायचं, धाकटीची स्थळं परत जाणार ती त्याच्या दारातनं. आधी चांगल्या डॉक्टरला दाखवा की. आणि पोरं तरी काय करतात? आईबापाला सांभाळावं म्हणून 2007 ला कायदा काढावा लागला. माझ्या थोरल्या भावाला पोटच्या पोराविरुद्ध प्रांताकडं अर्ज करावा लागला.

मृण्मयी_सांगली
काका, पुतण्याचा राग या पोरावर काढू नका. आजार नाही, तर डॉक्टर काय बघणार? असले 'उपचार' राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये डॉक्टरांचं गैरवर्तन ठरवलेत. आणि तो 2007 चा कायदा या मुलालाही लागू आहे. आज फी तोडणारा बाप उद्या त्याच्याकडंच निर्वाह मागू शकतो.

ॲड_शाहूपुरी
'मुलगा आमच्या सांगण्यात नाही, संबंध तोडला' अशी जाहीर नोटीस पेपरात दिली म्हणून वारसा तुटत नाही. स्वकष्टार्जित मालमत्ता बाप मृत्युपत्रानं कुणालाही देऊ शकतो. पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा जन्मानं हिस्सा असतो, वाटपाचा दावा करता येतो. निकाल लागेपर्यंत मात्र त्याचं शिक्षणाचं वय निघून जाईल.

सहावं_सेमिस्टर
सगळे फीवर बोलताय, कागदांवर कुणीच नाही. मला घराबाहेर काढलं तेव्हा लग्नांत वाढपी म्हणून जाऊन मी हॉस्टेलचे पैसे काढले. ते जमलं. कागद जमले नाहीत. शाहू महाराज शिष्यवृत्तीत निम्मी ट्यूशन फी मिळते, पण आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला लागतो तो पालकांचा. रेशनकार्ड वडिलांच्या कपाटात. शैक्षणिक कर्जासाठी बँकेत गेलो. चार लाखांपर्यंत तारण नको, पण सहकर्जदार म्हणून पालकांची सही हवीच. म्हणजे सज्ञान झालो म्हणून बाप जबाबदार नाही, आणि सज्ञान असूनही बापाच्या सहीशिवाय माझं काही चालत नाही.

सेतूवाला
दाखले देणाऱ्या सेतू केंद्राच्या खिडकीच्या या बाजूनं पण बघा. 'घरच्यांनी काढलं' म्हणून शून्य उत्पन्नाचा दाखला द्यायला लागलो तर उद्या रांग लागेल. खोट्या दाखल्यांवर सवलती लाटणारे रोज बघतो.

सहावं_सेमिस्टर
मागं ओळखीचे उभे असताना तुमच्या खिडकीवर खोटं खोटं 'मी गे आहे' म्हणेल असा एक माणूस दाखवा!

सेतूवाला
आवाज चढवू नका. नियम मी केलेला नाही. पीएम विद्यालक्ष्मी ही केंद्राची शैक्षणिक कर्जाची योजना बघा, तिथं तारणही नको, जामीनदारही नको.

सहावं_सेमिस्टर
ती निवडक संस्थांपुरती आहे. आमचं कॉलेज त्यात नाही.

आशिष_श्टुटगार्ट
इथं जर्मनीत मूल सज्ञान झालं तरी पहिलं व्यावसायिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत खर्च पालकांवर असतो. त्यांनी नाकारला तर सरकार विद्यार्थ्याला आधी पैसे देऊ शकतं आणि मग पालकांकडून वसूल करतं.

दत्ताकाका_कराड
जर्मनीतलं जर्मनीत राहू द्या. तिथल्या बापाला सोसायटीचा हप्ता नसतो.

मृण्मयी_सांगली
जर्मनी सोडा, एवढं तरी करा. घरच्यांनी तोडलंय याची तहसीलदारानं चौकशी करावी आणि दाखला मुलाच्या स्वतःच्या उत्पन्नावर द्यावा. सेतूवाले दादा, चौकशी झाल्यावर खोट्यांची रांग कशी लागेल?

सेतूवाला
तसा शासन निर्णय निघाला तर आम्ही अडवणार नाही. तोवर माझे हात बांधलेले आहेत.

दत्ताकाका_कराड
बरं, चालू कोर्सची फी मध्येच तोडू नये, एवढं मानतो. घातलंय तर पुरं करावं. पण घरात घ्या म्हणून बापाला शिकवू नका. ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

सहावं_सेमिस्टर
काका, घरात नका घेऊ. रेशनकार्डाची झेरॉक्स द्या, दाखल्याचे कागद द्या, बँकेत एक सही करा. हप्ते मी फेडीन. माझ्या वडिलांनी तेवढंही केलं नाही.